थर्ड शिफ्ट, रात्रीचा डबा आणि फॅटी लिव्हर

प्रश्न : डॉक्टरताई, वय ३८. चाकणला कारखान्यात आहे, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. कंपनीच्या तपासणीत सोनोग्राफीत 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' निघालं. दारूला मी शिवत नाही, तरी घरचे संशयाने बघतात. लाइनवरचा मित्र म्हणतो, हे नाइटमुळे. खरं का? सध्या गुळवेलीचा काढा घेतोय.
– एक वाचक, चाकण

उत्तर : घरच्यांना आधी हे वाचायला द्या. फॅटी लिव्हर म्हणजे यकृतात चरबी साठणं, आणि दारूचा थेंब न घेणाऱ्यांचं फॅटी लिव्हर मी रोज बघते. वाढलेलं पोट, साखर, बैठं काम ही त्याची नेहमीची कारणं. मित्राचंही अगदीच चुकीचं नाही. एकट्या नाइटवर खापर फोडणार नाही, पण तिचा हात आहे.

यकृताच्या पेशींना स्वतःचं घड्याळ असतं. (शरीरातली ही घड्याळं पेशीत कशी चालतात, ते शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं.) मेंदूचं घड्याळ उजेडावर लागतं, यकृताचं मुख्यतः जेवणाच्या वेळेवर. रात्री यकृताचं काम साठवलेली साखर थोडी थोडी रक्तात सोडायचं. त्याच वेळी, दोन वाजता, तुम्ही कँटीनमध्ये भात, बटाट्याची भाजी आणि वर गोड चहा घेता. तेव्हा इन्शुलिनही नीट साथ देत नाही. जादा साखरेची चरबी होते आणि त्यातली काही यकृतातच मुक्काम करते. बोस्टनमध्ये काही जणांना प्रयोगापुरती रात्रपाळी करायला लावली होती. रात्री जेवणाऱ्यांची साखर बिघडली, फक्त दिवसा जेवणाऱ्यांची बिघडली नाही. प्रयोग छोटा होता, पण मला पटणारा.

तेव्हा नोकरी राहू द्या, डबा हलवा. नाइटला निघण्याआधी घरी पोटभर जेवा. रात्री भूक लागली तर मूठभर फुटाणे, ताक किंवा उकडलेलं अंडं. चहा बिनसाखरेचा, तोही तीनच्या आत, नाहीतर सकाळी झोप येणार नाही. घरी आल्यावर हलका नाश्ता, मग खोलीत अंधार आणि फोन दुसऱ्या खोलीत. मुलांचा आवाज आणि दारावरची बेल यांचा बंदोबस्त वहिनींनाच करावा लागेल. उठल्यावर अर्धा तास भरभर चाला, आठवड्यातून पाच दिवस तरी. वजन उतरलं नाही तरी व्यायामाने यकृतातली चरबी कमी होते. वजन जास्त असेल आणि पाच टक्के जरी उतरलं, तर आणखी चांगलं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेळा बदलू नका.

काढा आजच बंद करा. कोरोनाच्या काळात गुळवेल घेऊन यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलेत.

एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त राहू नका, चरबी असूनही ते नॉर्मल येऊ शकतं. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) आणि लिपिड (रक्तातल्या चरबीची तपासणी) करून घ्या. फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते बघणारी तपासणी) लागेल का, ते रिपोर्ट बघून तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांना शिफ्टचं वेळापत्रकही दाखवा.