नदीकाठचं जहाज टर्मिनल रखडतं कुठे?

बंदरं आणि नदीकाठच्या बांधकामांविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मुद्दाम सविस्तर दिली आहेत.

माझी मुलगी परराज्यात नदीकाठी होत असलेल्या प्रवासी जहाज टर्मिनलवर साइट इंजिनिअर आहे. इमारत उभी राहिली, काचाही बसल्या, तरी उद्घाटन दोनदा पुढे गेलं. घोडं अडतं कुठे?
– एक वाचक, शिवाजी पेठ

इमारत हा टर्मिनलचा सोपा भाग. प्रतीक्षालय, सामानाचे पट्टे, तिकीट खिडक्या ही कामं कुठलाही बरा कंत्राटदार करतो, आणि एकदा छत पडलं की पावसातही ती चालू राहतात. जहाज मात्र धक्क्याला लागतं, आणि धक्का उभा राहतो पाण्यात. तिथलं वेळापत्रक हंगामावर चालतं.

आपली कोल्हापूरची पंचगंगाच बघा. राजाराम बंधाऱ्यापाशी इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. अशा नदीत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पाइलिंगची रिग, म्हणजे पाइल (पायाचे खोल खांब) घालायचं यंत्र, उभी करता येत नाही. पाणी ओसरल्यावर भराव टाकून वाट करायची, बार्ज (सपाट तळाची बोट) आणायचा, क्रेन बसवायची, यात डिसेंबर उजाडतो. हातात उरतात पाच-सहा महिने. डिसेंबरात हवी असलेली परवानगी मार्चमध्ये मिळाली तर उशीर कागदावर तीन महिन्यांचा दिसतो, पण पाइल अर्धवट राहतात आणि पुढचा हंगाम येईपर्यंत वर्ष जातं. लोकांना वर्ष दिसतं, तीन महिने दिसत नाहीत.

दुसरं कारण जमिनीखालचं. पैसे वाचवायला मातीपरीक्षणाची बोअर काठावर घेतात आणि तोच खडक पात्रातही असेल असं धरून पाइलची लांबी काढतात. पात्रात खडक कुठे दोन मीटर वर असतो, कुठे पाच मीटर खाली, आणि त्यावर गोट्यांचा थर असतो. पाइलच्या भोकाला आधार देणारा पोलादी नळा, म्हणजे लायनर, त्या गोट्यांवर अडकतो, छिन्नीनं फोडत जावं लागतं आणि दोन दिवसांच्या पाइलला आठवडा लागतो. काम सुरू करताना चाचणीसाठी एक पाइल टाकतात आणि त्यावर डिझाइनच्या अडीच पट भार देऊन तो किती खचतो ते मोजतात. काँक्रीट मुरायला २८ दिवस, मग भार रचणं, मग निकाल. निकाल वाईट आला तर लांबी वाढते, सळयांचे पिंजरे नव्यानं बांधावे लागतात. म्हणून ही चाचणी पहिल्या हंगामाच्या सुरुवातीलाच उरकायला हवी. ती एप्रिलवर ढकलणारं वेळापत्रक आम्ही तरी मंजूर करणार नाही.

पाण्याखालचं काँक्रीट ट्रेमी पाइपनं, म्हणजे तळापर्यंत सोडलेल्या उभ्या नळीनं, ओततात. पाइपचं खालचं टोक ओल्या काँक्रीटमध्ये कायम दोन मीटर तरी बुडालेलं हवं, स्लंप (काँक्रीटच्या ढिलेपणाचं माप) १५० ते १८० मिलिमीटर हवा आणि ओतणं मध्येच थांबता कामा नये. शहरातला नदीकाठ इथे नडतो. जड वाहनांना दिवसा बंदी असते, काँक्रीट घोळवत आणणारे ट्रान्झिट मिक्सर रात्रीच सोडतात. एखादा मिक्सर वाहतुकीत अडकला की पाइपमधलं काँक्रीट आवळतं. मोकळं करायला पाइप जास्त उचलला की पाणी आत शिरतं आणि पाइलच्या पोटात कमकुवत थर राहतो. चाचणीत तो सापडला की शेजारी नवा पाइल टाकून पाइलांना वरून जोडणाऱ्या पाइल कॅपचं डिझाइन बदलावं लागतं. तुमच्या मुलीला सांगा, प्लँटवर एक जास्तीचा मिक्सर भरून तयार असल्याशिवाय ओतणं सुरू करू देऊ नये.

जहाजाला खोली मिळावी म्हणून धक्क्यापुढचा गाळ काढण्याचं कंत्राट बहुतेक ठिकाणी वेगळं दिलेलं असतं. ते वेळेवर झालं आणि धक्का मागे पडला, तर येणारा पावसाळा खणलेला खड्डा पुन्हा भरतो. दुसऱ्यांदा गाळ काढायचे पैसे कोणी द्यायचे यावर पत्रव्यवहार सुरू होतो, तेवढ्यात आणखी काही महिने जातात.

शेवटचा अडथळा भिंतींचा. परदेशी प्रवास करणाऱ्या जहाजांच्या टर्मिनलला १ जुलै २००४ पासून आयएसपीएस ही आंतरराष्ट्रीय सुरक्षा संहिता लागू आहे. तपासणी झालेला आणि न झालेला प्रवासी कुठेही एकत्र येता कामा नये. कस्टम्स, इमिग्रेशन, आरोग्य, सुरक्षा या प्रत्येक खात्याची जागा, वायरिंग आणि कॅमेरे वेगळे. त्यांची सही घेण्याआधी विटकाम झालं, तर तयार भिंती फोडाव्या लागतात. काचा बसूनही उद्घाटन पुढे गेलं असेल, तर आधी इथे चौकशी करा आणि मग धक्क्याकडे बघा.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलची पायाभरणी २०१८ मध्ये झाली आणि उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये. मधे २०२० साली कोविडमुळे क्रूझ वाहतूकच थांबली होती. तिथे तर जुनं, चालतं बंदर हाताशी होतं. नव्या नदीकाठावर याहून अवघड परिस्थिती असते.

आमची एसजी आयर्नची (चिवट ओतीव लोखंडाची) फौंड्री आहे. एका टर्मिनलच्या बोलार्डची चौकशी वर्षभर येते आहे, पक्की ऑर्डर येत नाही. पॅटर्न (साचा काढायचा नमुना) करून ठेवावं का?
– एक उद्योजक, शिरोली

पॅटर्न करू नका, आधी अँकर बोल्टची ऑर्डर मागा. जहाजाचा दोर बांधायचा बोलार्ड धक्क्याच्या स्लॅबवर सर्वांत शेवटी बसतो, पण त्याचे बोल्ट स्लॅब ओतण्याआधी टेम्प्लेटला (बोल्टच्या जागा ठरवणाऱ्या पट्टीला) बांधून सळयांत धरावे लागतात. ज्या प्रकल्पात बोल्ट आणि टेम्प्लेटची ऑर्डर निघालेली नाही, तिथे बोलार्डची मागणी अजून लांब आहे. हा अंदाज सहसा चुकत नाही.

ऑर्डर आली की आधी ड्रॉइंगवर ग्रेड बघा. आयएस १८६५ या भारतीय मानकातला ५००/७ की परदेशी मानकाचा, यावर टेस्ट बारचे (चाचणीसाठी ओतलेल्या तुकड्याचे) निकाल ठरतात. तपासणी त्रयस्थ संस्था करणार असेल तर तिची माणसं ओतणीच्या दिवशी हजर हवीत. मागाहून टेस्ट बार दाखवलेला चालत नाही आणि अख्खी लॉट नाकारली जाते. बोल्टच्या भोकांची जागा बसवलेल्या टेम्प्लेटवरून पुन्हा मोजून घ्या. काँक्रीट ओतताना टेम्प्लेट पाच-दहा मिलिमीटर सरकलं तरी कास्टिंग बसत नाही आणि दोष फौंड्रीवर येतो. टेम्प्लेट तुम्हीच पुरवा आणि त्याची जोडी कारखान्यात ठेवा.

पैशाचं आधी लिहून घ्या. टर्मिनल रखडलं की माल तयार असूनही उचलला जात नाही. 'तपासणी पूर्ण झाल्यावर कारखान्यातच ठरावीक टक्के रक्कम' अशी अट घाला आणि त्यापुढच्या साठवणीचं भाडं ठरवा. तुम्ही सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदणीकृत असाल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. नंतर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. मुदत स्वीकारल्यापासून मोजतात, म्हणून स्वीकृतीचा कागद तारखेसह हातात घ्या.

पॉन्टूनवरून (तरंगत्या धक्क्यावरून) काठावर यायच्या उतरत्या पुलाची लांबी कशी काढतात?
– स्थापत्य पदविकेची विद्यार्थिनी, कसबा बावडा

चाकाच्या खुर्चीसाठी उतार १:१२ धरतात. पाण्याची पातळी ३ मीटर बदलत असेल तर पूल ३६ मीटर, १० मीटर बदलत असेल तर १२० मीटर. मधले सपाट टप्पे वेगळे. इतका लांब पूल एका गाळ्यात होत नाही, तो वळवून दोन-तीन टप्प्यांत न्यावा लागतो आणि प्रत्येक टप्प्याला वेगळा आधार लागतो. निविदेनंतर हे हिशेब बदलले की काम थांबतं.

पॉन्टून ज्या मार्गदर्शक पाइलांवर वर-खाली सरकतो, त्यांची उंची आजवरच्या सर्वोच्च पुराच्या वर हवी. धोका पातळी धरून उंची काढणं ही गंभीर चूक आहे. पाणी पाइलच्या डोक्यावर गेलं तर पॉन्टून सुटून वाहून जाईल. पुरात वाहत येणारी झाडं आणि जलपर्णी पॉन्टूनला अडकते, तेव्हा साखळ्यांवरचा ताण नुसत्या प्रवाहापेक्षा कितीतरी वाढतो. तो भार हिशेबात धरा.

राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत पंचगंगेचं नाव वाचलं. आपल्याकडे टर्मिनल कधी?
– एक निवृत्त शिक्षक, कुरुंदवाड

२०१६ च्या कायद्यातल्या १११ जलमार्गांत आहे ती पंचगंगावळी, कर्नाटकाच्या किनाऱ्यावरची. प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंतच्या आपल्या पंचगंगेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बरगे (बंधाऱ्याच्या काढत्या फळ्या) घातले की दोन बंधाऱ्यांमध्ये पाणी साठतं, पण बोटीला एका पातळीवरून दुसरीवर नेणारं लॉक नसल्यानं ती पुढे जात नाही. बरगे काढले की पाऊस असतो. शिवाय पूररेषेच्या नियमांनुसार निळ्या रेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत, कायमची इमारत बांधता येत नाही. दोन बंधाऱ्यांमधली छोटी फेरी आणि उचलून नेता येणारी जेटी एवढंच इथे शक्य आहे, आणि ते नीट झालं तरी पुष्कळ आहे.

ग्राहक नव्या टर्मिनलवरून सुटणाऱ्या क्रूझचं बुकिंग मागतात. तारखेवर विसंबावं का?
– एक पर्यटन व्यावसायिक, राजारामपुरी

जहाजाच्या तारखेवर विसंबा, टर्मिनलच्या नको. क्रूझ कंपन्या पर्यायी धक्का राखून ठेवतात. वाराणसीहून १३ जानेवारी २०२३ ला दिब्रुगढकडे निघालेली गंगा विलास नदीवर तरंगत्या जेट्यांच्या भरवशावर चालली, मोठ्या इमारतींसाठी थांबली नाही.

टर्मिनल कधी रद्दही होतं. लंडनमध्ये थेम्सकाठी ग्रीनिचच्या एंडर्बी व्हार्फला २०१५ मध्ये परवानगी मिळाली होती. धक्क्यावर उभी जहाजं स्वतःची इंजिनं चालवणार, काठावरून वीज देण्याची सोय आराखड्यात नाही, म्हणून रहिवाशांनी धुराविरुद्ध लढा दिला. २०१९ मध्ये तो बेत सोडून देण्यात आला. ही सोय मागाहून जोडणं अवघड असतं, कारण जहाजाला ६.६ किंवा ११ हजार व्होल्टचा पुरवठा, वेगळं उपकेंद्र आणि धक्क्याखालून केबलचे मार्ग लागतात. नव्या प्रकल्पाची माहिती काढताना हा प्रश्न जरूर विचारा.

पावतीवर चढण्याची जागा 'कंपनीच्या अंतिम सूचनेप्रमाणे' अशी लिहा. जहाज मुंबईहून असेल तर ग्राहकांना आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचवा. सकाळी पोहोचणाऱ्या महालक्ष्मी एक्सप्रेसवर त्याच दिवशीची जहाजफेरी ठेवू नका. धक्का बदलल्याचा निरोप बहुधा शेवटच्या दोन दिवसांत येतो, म्हणून प्रत्येक ग्राहकाचा चालू मोबाइल क्रमांक कंपनीकडे थेट नोंदवून घ्या.