खुडूक कोंबडीखाली १४ अंडी आणि पिल्लं फक्त ३, कुठं चुकलं असेल?

दादा, तुमचं सगळं नीट वाचलं. एप्रिलमध्ये गावठी कोंबडी खुडूक झाली (म्हणजे अंडी उबवायला बसायला लागली), तुम्ही १८ दिवस साठवलेली १४ अंडी तिच्याखाली ठेवली, त्यातली काही फ्रीजमधली, बसवली ती बाकीच्या कोंबड्यांच्याच खुराड्यात, रोज उचलून बघत होतात, शेवटी ३ पिल्लं निघाली आणि ती घेऊन कोंबडी उठली ती परत बसलीच नाही. उरलेली फोडली तर ४ नुसती पाणी झालेली, २ मध्ये अर्धवट पिल्लू आणि ५ मध्ये पूर्ण वाढलेली पिल्लं आतच मेलेली. आणि आता विचारताय की कोंबडीचा नाद सोडून मशीन घेऊ का.

मशीन घेऊ नका. एवढ्यात तर नकोच. तुमची कोंबडी चांगली आहे हो, ३ आठवडे एप्रिलच्या उन्हाळ्यात टिकून बसली आणि ३ काढून दाखवली, अशी कोंबडी विकत मिळत नाही. मी लग्न होऊन माणदेशात आले तेव्हापासून रवण घालतेय, म्हणजे कोंबडीखाली अंडी उबवायला ठेवतेय, सासूबाईंच्या हाताखाली शिकले, आणि त्यांनी पहिली गोष्ट शिकवली ती ही की रवण वाया गेली की अंडी उकिरड्यावर टाकायच्या आधी एकेक फोडून बघायचं. तुम्ही फोडून बघितलीत हे फार चांगलं केलंत, त्यातच सगळं उत्तर आहे.

ती ४ पाणी झालेली. एक तर ती फळलेलीच नव्हती, म्हणजे कोंबडा लागलेला नव्हता (८-१० कोंबड्यांमागं एक धडधाकट कोंबडा पाहिजे, म्हातारा किंवा लंगडा असला तर अंडी रिकामी जातात), नाहीतर साठवतानाच मेली. १८ दिवस फार झाले. थंडीत ७ दिवसांपर्यंतची अंडी चालतात, उन्हाळ्यात मी ३-४ दिवसांच्या पलीकडचं अंडं रवणीला घेतच नाही. कारण असंय की अंडं २०-२१ अंशांच्या वर गेलं की आतला जीव हळूहळू वाढायला लागतो, आपल्याकडं एप्रिलमध्ये घरात सावलीला सुद्धा त्याच्या किती वर असतं ते तुम्हाला माहितीये, मग तो धड वाढतही नाही आणि धड झोपूनही राहत नाही, दमून मरतो. फ्रीजमध्ये उलटं होतं, तिथं ४-५ अंशांच्या गारठ्यात जीव टिकत नाही. आम्ही काय करतो, जुन्या माठात ओली वाळू घालायची, वर कापड, त्यावर अंडी टोक खाली करून ठेवायची आणि माठ घरातल्या गार कोपऱ्यात. अंडी धुवायची नाहीत हे पण लक्षात ठेवा, वरची नैसर्गिक साय जाते आणि घाण आत शिरते. लई मळलेलं असलं तर ते खायला घ्या, रवणीला नको.

२ अर्धवट होती ना, ती मला वाटतं तुमच्या १४ मधली नव्हतीच. खुराड्यात बाकीच्या कोंबड्या आहेत म्हणताय, खुडूक कोंबडीच्या टोपल्यात दुसऱ्या कोंबड्या हमखास येऊन अंडं घालून जातात, ती बिचारी ते पण पोटाखाली ओढून घेते. एखाददुसरं फुटलं किंवा कोणी खाल्लं असेल म्हणून मोजताना आकडा १४ चाच आला. अशी ८-१० दिवसांनी आलेली अंडी कधीच निघत नाहीत, कारण पहिली पिल्लं निघाली की एक-दोन दिवसांत कोंबडी त्यांना घेऊन उठणारच, तिला पिल्लांना चारायचं असतं. म्हणून ठेवतानाच प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं किंवा कोळशानं खूण करायची, आणि ती दाणापाण्याला उठली की बिनखुणेचं दिसलं ते काढायचं. पण खरा उपाय म्हणजे तिला वेगळी बसवा.

वेगळी कशी बसवायची यात लोक फार चुकतात. दिवसा उचलून दुसरीकडं ठेवली की ती थेट जुन्या जागी पळते आणि दोन दिवस असं झालं की खुडूक मोडतेसुद्धा. रात्री अंधार पडल्यावर, दोन्ही हात पोटाखाली घालून सावकाश उचलायची, नव्या टोपल्यात आधीच २-३ खायची अंडी ठेवलेली असावीत, त्यावर बसवायची आणि वरून डालगं (कोंबड्या झाकायची मोठी टोपली) किंवा पोतं टाकून अंधार करायचा. दोन दिवस त्यावर टिकली, हात नेला की पिसं फुगवून खुडुक खुडुक करत चोच मारली, म्हणजे ती पक्की बसली. मग तिसऱ्या रात्री खरी अंडी सगळी एकदम सरकवायची, आज ५ उद्या ४ असं नाही. टोपल्यात खाली दोन बोटं माती किंवा वाळू, तिच्यावर चुलीची राख आणि सुका कडुलिंबाचा पाला, वर मऊ गवत किंवा भुस्सा, मधोमध थोडा खळगा. राख आणि पाला पिसवांसाठी, कारण पिसवा झाल्या की कितीही चांगली कोंबडी असू दे ती बसत नाही, रात्रभर उठबस करते आणि अंडी गार पडतात. उन्हाळा असला तर टोपल्याच्या कडेनं वाळूवर थोडं पाणी शिंपडावं, अंड्यावर नाही. सासूबाई टोपल्यात एक लोखंडी खिळा आणि कोळसा ठेवायच्या, वीज कडाडली तर अंडी खराब होऊ नयेत म्हणून. मी अजून ठेवते, त्यांची आठवण म्हणून.

आता ती ५, ज्यांचं मला खरंच वाईट वाटलं. पूर्ण वाढून आत मेली म्हणजे १९ दिवस जवळजवळ सगळं बरोबर झालं आणि शेवटच्या दोन दिवसांत घात झाला. एक कारण १४ अंडी. आपली गावठी कोंबडी लहान चणीची, १० अंडी झाकते, मोठी असली तर १२. जास्त ठेवली की कडेची उघडी राहतात, आणि ती दिवसभर चोचीनं अंडी फिरवत असते, आतली बाहेर बाहेरची आत, म्हणजे आज हे गार पडलं उद्या ते, नुकसान दोनाचं न होता सगळ्यांचं थोडं थोडं होतं. दुसरं कारण रोज उचलणं. १८ व्या दिवसानंतर अंड्याला हात लावायचा नाही, कोंबडीला उठवायचं नाही, ती स्वतःच जवळजवळ उठत नाही. त्या दिवसांत टोपल्याजवळ कान देऊन बसा एकदा संध्याकाळी शांततेत. आतून बारीक च्यूं च्यूं येतं, कवच अजून फुटलेलं पण नसतं, आणि कोंबडी घशातल्या घशात फार हळू आवाजात उत्तर देते, एरवी कधीच तसा आवाज काढत नाही. मग एका अंड्यावर दाण्याएवढा टवका उडतो. तिथून पिल्लू बाहेर यायला कधी १२ तास कधी अख्खा दिवस लागतो, कारण आत ते रक्त आणि बलक पोटात ओढून घेत असतं. या वेळी कोंबडी उचलली की कोरडी हवा लागून आतला पापुद्रा सुकतो, पिल्लाला चिकटतो, आणि त्याला वळताच येत नाही. आणि दया येऊन कवच सोलू नका, रक्त येतं आणि पिल्लू जातं. मी पहिल्या वर्षी सोलली होती, दोन्ही गेली.

मग बघायचं कधी? दोनदाच. सातव्या रात्री आणि चौदाव्या रात्री, अंधारात मोबाईलचा टॉर्च अंड्याच्या बोथट बाजूला लावून. सातव्या रात्री आत कोळ्यासारखा एक ठिपका आणि त्याच्यापासून लाल शिरा पसरलेल्या दिसल्या की अंडं जिवंत, नुसतं पिवळं स्वच्छ दिसलं तर रिकामं, ते काढून टाका म्हणजे बाकीच्यांना जागा होते. चौदाव्या रात्री जवळजवळ सगळं काळं आणि वर हवेची जागा. घाण वास येणारं अंडं लगेच काढा, ते टोपल्यात फुटलं तर सगळी रवण नासते.

ती दिवसातून एकदा उठते, १५-२० मिनिटं, दाणे टिपते, पाणी पिते, मातीत लोळते आणि एकदम मोठी घाणेरडी शिट टाकते, ते नॉर्मल आहे, घाबरू नका. पण दोन दिवस उठलीच नाही तर मात्र हळूच उठवून बाहेर ठेवा, काही कोंबड्या उपाशी बसून वाळतात. ज्वारी-मका अख्खी द्या.

निघालेल्या ३ पिल्लांचं आता सांभाळा. पहिले दोन दिवस खायला दिलं नाही तरी चालतं, बलक पोटात असतो. पाण्याच्या भांड्यात खडे टाका, नाहीतर बुडून मरतात. कण्या बारीक करून द्या, चिक स्टार्टर मिळालं तर उत्तमच. ५ ते ७ दिवसांत मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. बाटली १०० पिल्लांची येते, ३ साठी परवडत नाही, म्हणून शेजारच्या ४-५ घरांना सांगून एकाच दिवशी करा, बर्फात आणायची आणि कालवल्यावर दोन तासांत संपवायची. आमच्याकडं मानमोडी आली की एका आठवड्यात अख्ख्या आळीची खुराडी मोकळी होतात, म्हणून यात आळस करू नका. घारीचा त्रास असेल तर पहिले १५ दिवस दुपारी डालग्याखालीच.

पुढची रवण दिवाळीनंतर घाला. होळीपर्यंत सगळ्यात चांगला काळ, ना चटका ना ओल, पावसाळ्यात पिल्लांना रक्ती हगवण फार होते. याच कोंबडीखाली घाला, दुसरी शोधू नका. वनराजा, गिरिराज, बीव्ही ३८० या सुधारित जातींकडून बसायची अपेक्षा ठेवू नका, त्यांच्यातला खुडूकपणा निवडून निवडून घालवलाय, कडकनाथ पण क्वचित बसते. त्यांची पिल्लं पाहिजे असतील तर अंडी त्यांची आणि बसायला हीच गावठी. १० अंडी, ४ दिवसांच्या आतली, खूण केलेली. सातव्या रात्री टॉर्च लावून काय दिसलं ते मला नक्की सांगा.