पुण्यातून एका दिवसात वाळवंटासारखा प्रदेश, रानफुलं, वन्यप्राणी आणि डोंगर असं सगळं पाहता येईल का?

येईल. राजस्थानसारखी वाळू इथे नाही, पण पुण्याच्या पूर्वेला सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतलं माळरान आहे. वर्षाला जेमतेम ५०० मिलीमीटर पाऊस, मुरमाड जमीन, खुरटी बाभळ. त्यासाठी बारामती तालुक्यातल्या सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य गाठा. क्षेत्र अवघं सव्वापाच चौरस किलोमीटरच्या आसपास, तरी चिंकारा हे लहानसं हरीण दिसण्याची शक्यता भरपूर.

महिना चुकला की सगळंच हुकतं. फुलं हवी असतील तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा निवडा. कुर्डू, तरवड, केना, विष्णुक्रांता तेव्हा फुललेली असतात. केना आणि विष्णुक्रांता सकाळीच पाहून घ्या, दुपारपर्यंत त्या मिटतात. ऑक्टोबर सरता सरता गवत पिवळं पडतं आणि भोवत्यांसारखे शिकारी पक्षी यायला लागतात. फुलं संपत आलेली असली तरी पक्ष्यांसाठी मी तोच काळ सुचवेन.

पहाटे पाचला निघा. हडपसर, यवत, चौफुला आणि तिथून उजवीकडे सुपे, असं साधारण ७० किलोमीटर. पाचऐवजी सातला निघालात तर हडपसरची गर्दी लागते, आणि पोचेपर्यंत चिंकारे सावलीला बसलेले असतात. त्यांचा रंग मातीचाच, त्यामुळे बसलेला चिंकारा दुर्बिणीतूनही सहज सापडत नाही. फाटक कधी उघडतं ते आदल्या दिवशी वनविभागाकडे विचारून ठेवा.

चिंकारा दिसला की लोक गाडीतून उतरतात, तिथेच घोळ होतो. गाडीची त्याला बऱ्यापैकी सवय असते, दोन पायांवर चालत येणाऱ्या माणसाची नसते. आतच बसा. तो थोडं पळून थांबतो, मागे वळून पाहतो. फोटो त्या क्षणी काढा. शिंगं माद्यांनाही असतात, पण बारीक आणि गुळगुळीत. नराची जाड, वळ्यांची. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण पुरेशी आहे. गवतात धाविक, माळटिटवी, डोंबारी चंडोल हे पक्षी शोधा. या चंडोलाचा नर वर चढतो आणि दगडासारखा खाली येतो, नाव अगदी शोभतं.

पायात बूट हवेतच, चपलेतून बाभळीचा काटा आरपार जातो. लोकरी किंवा जाड सुती मोजे मात्र नकोत: कुसळी गवताचं बी पीळ घेत आत घुसतं आणि घरी गेल्यावरही निघत नाही. गुळगुळीत कापडाची लांब पँट बरी. पाणी माणशी तीन लिटर, कारण सावली जवळजवळ नाहीच. वाळल्या गवतात सिगारेट अजिबात नको.

दहाच्या सुमारास बाहेर पडा. डोंगरांसाठी यवतला परत येऊन भुलेश्वर चढा, गाडी जवळपास मंदिरापर्यंत जाते. पाऊस पडून हवा धुतलेली असेल तर पुरंदर-वज्रगडाची जोडी स्वच्छ दिसते. दुसरा पर्याय मोरगाव, जेजुरी, सासवड, दिवेघाट असा परतण्याचा. पण रविवारी, चतुर्थीला आणि विशेषतः सोमवती अमावास्येला त्या वाटेला जाऊ नका.

लांडगाच पाहायचा असेल तर सुप्याऐवजी इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी गाठा. तिथे वनविभागाची गवताळ प्रदेशाची सफारी आहे, आधी नोंदणी करून स्थानिक वाटाड्यासोबतच जायचं. लांडग्याची गुहा दाखवतो म्हणून कुणी मागे लागलं तर नाही म्हणा. माणसांचा वावर वाढला की मादी पिल्लं दुसरीकडे हलवते.