आठवड्यातले पाच दिवस घर बंद असतं, काळजी कशी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की नोकरीमुळे सोमवार ते शुक्रवार शहरात असता, गावचं घर बंद राहतं, चोरीची भीती वाटते आणि कॅमेरे लावावेत का. आमचंही सेम आहे, घर अलिबागजवळ चौलला सुपारीच्या वाडीत, सासऱ्यांनी बांधलेलं, आणि आम्ही दोघं ठाण्यात, शुक्रवारी रात्री जायचं नि सोमवारी पहाटे निघायचं. कॅमेरा लावा, हरकत नाही, पण लाईट गेली की वायफाय गेलं आणि वायफाय गेलं की कॅमेऱ्याचा उपयोग शून्य. माझं मत विचाराल तर बंद घराचं चोरापेक्षा पाण्याने जास्त वाटोळं होतं, म्हणून आधी तिकडे बघा.

निघताना टाकीचा मेन कॉक बंद, कितीही घाई असली तरी. बेसिनखालचा एखादा कनेक्शन पाईप फुटला तर हजार लिटरची अख्खी टाकी घरात रिकामी होते आणि तुम्हाला कळणार थेट शुक्रवारी. मोटरचा स्विच पण बंद. लाईटचं म्हणाल तर फ्रीज चालू ठेवायचा असला की मेन स्विच पाडता येत नाही, म्हणून फ्रीज आणि पडवीचा दिवा (कॅमेरा लावलाच तर तो आणि राउटरही) सोडून बाकी एमसीबी, म्हणजे बोर्डावरचे छोटे स्विच, खाली करायचे, टीव्हीचा आणि कॅमेरा नसेल तर राउटरचाही प्लग सरळ काढायचा कारण मे आणि ऑक्टोबरच्या विजांत तेच आधी जळतात. फ्रीजरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवा. आल्यावर नाणं बर्फाच्या तळाशी दिसलं तर समजायचं मधे लाईट खूप वेळ गेली होती, आतलं सगळं टाकून द्यायचं, वास येत नसला तरी.

डासांचं कोणी बोलत नाही पण ते महत्त्वाचं आहे. डेंग्यूचा डास अंड्यापासून साधारण ८ ते १० दिवसांत तयार होतो, म्हणजे दर रविवारी साठलेलं पाणी ओतून भांडं आतून घासलं तर तो तयारच होत नाही, एक रविवार चुकला की होतो. फ्रीजमागचा ट्रे, कुंड्यांच्या ताटल्या, करवंट्या, आणि वाडी असेल तर गळून पडलेल्या सुपारीच्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाचे रुंद खोलगट देठ, त्यात मस्त पाणी साठतं.

पावसाळ्यात आल्या आल्या खिडक्या उघडून ओल जाईल असं वाटतं पण बाहेरची हवाच ओली असते हो, त्यापेक्षा पंखे फुल आणि कपाटांची दारं सताड उघडी. जांभ्याच्या भिंती पाणी धरतात, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवा, मागे टॉर्च मारून वाळवीची मातीची रेघ दिसते का तेही बघता येतं.

आता खरं सांगायचं ते. मधल्या वारी, बुधवारी म्हणा, कोणीतरी माणूस घरात जाऊन यायला हवा. आमच्या शेजारच्या काकी जातात, मागचं दार उघडतात, मोरीत तांब्याभर पाणी ओततात, एक चक्कर मारतात. पैसे दिले तर त्यांनी घेतले नाहीत, मग त्यांची बीपीची औषधं आणि लागेल ते सामान आम्ही ठाण्याहून नेतो आणि त्यांच्या घरी कोणाला मुंबईला डॉक्टरकडे यायचं असलं की उतरायला आमच्याकडेच. नुसती किल्ली देऊन मोकळे होऊ नका. वायरमन आणि प्लंबरचे नंबर द्या, थोडे पैसे त्यांच्याकडे ठेवा आणि स्पष्ट सांगा की आम्हाला विचारत बसू नका, कुलूप तोडावं लागलं तरी तोडा. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, आमच्या भागात झाडं पडली, छपरं उडाली, लाईट आणि फोन कितीतरी दिवस नव्हते, अशा वेळी विचारणार कोणाला? तिथे जो असेल त्यालाच ठरवू द्यावं लागतं.

कुलपाचं म्हणाल तर बाहेर लोंबणाऱ्या मोठ्या कुलपापेक्षा दारातलं लॅच बरं, लांबून घर बंद आहे हे कळत नाही. आणि छपरावर आलेल्या फांद्या मे महिन्यातच उतरवून घ्या, जूनमध्ये त्या कामाला माणूस मिळत नाही.