पहिल्या सेशनला जायच्या आधी

अरे,

सायकॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतल्याचा तुझा मेसेज वाचला, आणि "मावशी मग तुझ्याकडेच येऊ का" याचं उत्तर आधीच देऊन टाकते, नको. रागावू नकोस. ओळखीतल्या माणसांना आम्ही क्लायंट म्हणून घेत नाही, आमच्या कामातला नियमच आहे तो. तुझ्या आईशी माझं दिवसाआड बोलणं होतं, माझ्यासमोर तू अर्धं गाळून बोलशील आणि मी पण तुला लहानपणापासून बघितलंय म्हणून अर्धं आधीच ठरवून ऐकेन. त्यापेक्षा अनोळखी माणूस बरा. अपॉइंटमेंट घेतलीस ना, झालं तर मग, आता तिथे काय काय होतं ते सांगते म्हणजे रात्रभर डोक्यात सीन रंगवत बसायला नको.

गेल्या गेल्या बहुतेक ठिकाणी फॉर्म देतात. नाव, वय, चालू असलेली औषधं, आधीचे आजार, इमर्जन्सीत फोन कोणाला करायचा वगैरे, आणि सोबत एक संमतीपत्र असतं, ते मात्र ॲपच्या टर्म्ससारखं खाली स्क्रोल करून सही ठोकायची गोष्ट नाही. फी, ऐनवेळी कॅन्सल केलं तर काय, आणि तुझी माहिती कुठवर गुप्त राहणार हे सगळं त्यातच लिहिलेलं असतं. काही जण पीएचक्यू-९ सारखी, डिप्रेशनची लक्षणं किती आहेत ते मोजणारी प्रश्नावली पण देतात. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांत हा त्रास किती दिवस झाला याला ० ते ३ मार्क, टोटल २७ पैकी. तो एक थर्मामीटर आहे, ताप किती एवढंच सांगतो, कशामुळे ते सांगत नाही. त्यामुळे तिथे चांगला मुलगा बनून कमी मार्क पाडायचा प्रयत्न करू नकोस, खूप जण करतात.

सेशन साधारण ४५ ते ६० मिनिटांचं. सोफ्यावर आडवं वगैरे कोणी करत नाही, समोरासमोर दोन खुर्च्या असतात. पहिल्या वेळी जास्त करून तेच विचारणार, आत्ताच का यावंसं वाटलं, झोप कशी आहे, भूक, अभ्यास, घरात कोण कोण, घरात कोणाला असा त्रास होता का, दारू सिगारेट. मध्ये मध्ये लिहून पण घेतील, त्याचं टेन्शन घेऊ नकोस, पुढच्या वेळी तुला सगळं परत पहिल्यापासून सांगायला लागू नये म्हणून असतं ते.

आणि एक प्रश्न जवळपास नक्की येणार, जीव नकोसा वाटतो का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का. माझ्यात असं काय दिसलं यांना, असं वाटेल तुला. काही दिसलेलं नसतं, तो सगळ्यांनाच विचारतात. विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरतो हा समज पण खोटा आहे, संशोधनात तसं आढळलेलं नाही. येत असेल तर सरळ हो म्हण. हो म्हटलं की लगेच घरी फोन जाईल किंवा ॲडमिट करतील या भीतीने लोक नाही म्हणून मोकळे होतात, पण हो नंतर आधी पुढचे प्रश्न येतात, कितीदा येतो, काही ठरवलंयस का, तसं काही हाताशी आहे का, काय अडवतं तुला. विचार येणं वेगळं आणि जीवाला आत्ता या क्षणी धोका असणं वेगळं, हा फरक करायला आम्हाला शिकवलेलं असतं. (आणि अपॉइंटमेंटच्या आधीच एखादी रात्र फार जड गेली तर तारखेची वाट बघायची नाही, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं, मला उठवायचं, कितीही वाजलेले असोत.)

गुप्ततेचं विचारलंस ना, तू सज्ञान आहेस, त्यामुळे आईने फोन करून विचारलं तरी तुझ्या परवानगीशिवाय ते काही सांगणार नाहीत. अपवाद मोजकेच. तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जीवाला खरोखर धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल, किंवा कोर्टाने मागितलं तर. नीट समजलं नाही तर पहिल्या पाच मिनिटांत त्यांनाच विचार, कोणाला राग येत नाही.

आता खरं सांगायचंय ते हे. तू घरून सगळं नीट जुळवून जाणार, कधी सुरू झालं मग काय झालं, आणि चाळीस मिनिटं परीक्षेचा ताण, मार्क, झोप यावरच बोलत बसशील कारण ते बोलायला सोपं आहे. मग वेळ संपत आली की बॅग खांद्यावर अडकवून, दाराकडे वळता वळता म्हणशील "बाकी तसं काही नाही, फक्त ते एक..." आणि ते एकच खरं असतं. मी समोरच्या खुर्चीतून हे इतक्यांदा बघितलंय की आता बॅग उचलली की माझे कान टवकारतात! तेव्हा ती ओळ आज रात्रीच मोबाईलच्या नोट्समध्ये टाईप करून ठेव आणि सुरुवातीलाच वाचून दाखव, तोंडातून निघत नसेल तर फोन पुढे कर, चालतं. ते पण जमत नसेल तर "एक गोष्ट आहे पण आज नाही सांगणार" एवढं म्हण. बोलता बोलता अडकलास, रडू आलं, नुसता गप्प बसलास तरी काही बिघडत नाही.

औषधं सायकॉलॉजिस्ट सहसा देत नाहीत, ते सायकियाट्रिस्टचं, म्हणजे मनाच्या आजारांच्या डॉक्टरांचं काम, गरज वाटली तर तिकडे पाठवतील. कधी थायरॉईड, बी१२ तपासून या म्हणतील, कारण थायरॉईड बिघडलं तरी माणूस असाच मरगळतो. आजाराचं नाव पहिल्याच दिवशी मिळेल असं नाही.

तू पण त्यांना विचारायचं बरं का. शिक्षण काय, लायसन्स आहे का, कोणत्या पद्धतीने काम करता, साधारण किती सेशन लागतील. सीबीटीसारख्या (विचार आणि सवयी बदलण्यावर काम करणाऱ्या) पद्धतीत बऱ्याचदा ६ ते २० च्या आसपास लागतात आणि घरी करायला होमवर्क पण देतात. जो माणूस पहिल्याच दिवशी गॅरंटी देतो, लेक्चर झोडतो, स्वतःचीच कहाणी सांगत बसतो किंवा दुसऱ्या क्लायंटची नावं घेतो त्याच्याकडे परत जायचं नाही, फी भरली म्हणून पण नाही. नुसतं सूर जुळत नाही असं वाटलं तर मात्र दोन तीन सेशन दे, त्यांना तसं सांगून बघ, मग बदल.

बाहेर पडल्यावर हलकं वाटेल अशी अपेक्षा ठेवू नकोस, बरेचदा डोकं जड होतं, दमायला होतं, कुठे हे सगळं उकरून काढलं असं पण वाटतं. त्या संध्याकाळी क्लास, सबमिशन असलं काही ठेवू नकोस. घरी कोणी "काय म्हणाले" विचारलं तर "पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय" एवढं पुरे. मला पण रिपोर्ट नको, जाऊन आलास की नुसता एक थम्ब्ज अप टाक.

मावशी