सासरे श्रीलंकेच्या लढाईतून आले. हे वागणं स्वभाव की आजार?

ताई, तुम्ही लिहिलंय की सासरे १९८७ ते ८९ भारताच्या शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत जाफन्याकडे होते. आता पासष्टी उलटली तरी झोपेत ओरडतात, दिवाळीत दारं-खिडक्या लावून बसतात, रोज दारू घेतात, आणि श्रीलंकेचा विषय निघाला की ताटावरून उठतात. मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. डॉक्टर नाही, त्यामुळे निदान माझ्याकडून घेऊ नका. पण हे सगळं एकाच माणसात दिसत असेल तर मी त्याला स्वभाव म्हणणार नाही.

डॉक्टर याला बहुधा पीटीएसडी म्हणतील, म्हणजे भयंकर प्रसंगाचा मनावर राहिलेला आघात. व्हिएतनामहून आलेल्या सैनिकांचे हाल पाहून अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली हा आजार आपल्या अधिकृत यादीत घेतला. नोकरीत असेपर्यंत तो पुष्कळदा दबून राहतो: पहाटेची पीटी, ड्युटी, सोबतची पोरं. पेन्शन झाली, दिवस मोकळा पडला की वर येतो.

त्यात श्रीलंकेचं दुखणं वेगळं. गेले होते शांतता राखायला, आणि ऑक्टोबर १९८७ मध्ये एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशीच लढाई जुंपली. समोरचा लुंगीतला माणूस गावकरी की बंदूकवाला, ते गोळी सुटेपर्यंत कळायचं नाही. वाटेत सुरुंग. आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला तिथेच पडले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. एकूण सुमारे बाराशे जवान गेले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. कारगिलवाल्यांना गावाने खांद्यावर घेतलं. यांना विचारलं, 'तिकडं कशाला गेला होता?' अशा माणसाने तोंड मिटून घेतलं तर नवल काय?

गप्प राहण्याचं दुसरं कारण घरच्यांना सहसा माहीत नसतं. फौजेत जवान किती तंदुरुस्त आहे याची मेडिकल कॅटेगरी ठरते ती 'शेप' या पाच अक्षरी मोजमापावर, आणि त्यातलं पहिलं अक्षर 'एस' म्हणजे मन. ते खाली गेलं की प्रमोशन अडकायची भीती. म्हणून जवान एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, पाठ दुखते म्हणून सांगतो, झोप लागत नाही हे सांगत नाही. ती सवय पेन्शनीतही सुटत नाही. सासऱ्यांना सरळ सांगा की आता कॅटेगरी पाडणारं कोणी उरलेलं नाही.

'तिथं काय झालं होतं' हे मात्र विचारू नका. झोपेचं विचारा. मनाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर ते येणार नाहीत, झोपेच्या तक्रारीसाठी कदाचित येतील. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर तिच्या पॉलिक्लिनिकमधून मनोविकारतज्ज्ञाकडे रेफर करून घ्या. या आजारावर खास पद्धतीचं समुपदेशन आहे, सर्ट्रालीनसारखी औषधं आहेत, आणि इतक्या वर्षांनीही फरक पडतो. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या आणू नका, दारूवर तर मुळीच नकोत. रोजची दारूही एकदम तोडायला लावू नका. पुष्कळ वर्षं पिणाऱ्याला त्याने फिट येऊ शकते, माणूस भ्रमात जाऊ शकतो. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवावी लागते.

रात्री ओरडले तर जवळ जाऊन हलवू नका. दिवा लावा, लांबून नावाने किंवा हुद्द्याने हाक मारा. नातवंडांनाही हे शिकवून ठेवा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण विचारतो. आपल्याकडे पेन्शनर फौजी बँकेत गार्ड लागतात आणि परवान्याची बाराबोअर बंदूक घरात येते. तशी असेल तर परवाना पाहून रीतसर पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे जमा ठेवा, भांडण न करता, मोठ्या मुलाच्या हातून. 'आता जगून काय करायचं' असं कधी बोलले असतील तर हे आजच करा आणि त्यांना एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ते बोलायला तयार नसतील तर तुम्ही लावा, घरच्यांनाही सल्ला देतात.

जिल्हा कुठला ते कळवा, जवळचं पॉलिक्लिनिक कुठे आहे ते सांगतो.