एनओसीचं पत्र 2023 चं, आणि तुम्ही विचारताय आत्ता

सांगलीकडच्या एका औषध दुकानदारांचा लांबलचक मेल आलाय. थोडक्यात सांगते. रिटेल मेडिकल बरीच वर्षं चालवलं, मग होलसेलचं लायसन्स घेतलं, गोडाऊन भाड्याने घेतलं, एका मोठ्या औषध कंपनीची स्टॉकिस्टशिप, म्हणजे कंपनीचा माल घेऊन दुकानांना पुरवायचं काम, मागितली. एरिया मॅनेजर येऊन जागा बघून गेला, डिपॉझिटसुद्धा ठरलं. तेवढ्यात जिल्ह्याच्या केमिस्ट संघटनेने कंपनीला पत्र धाडलं की आहेत ते स्टॉकिस्ट पुरेसे आहेत, यांना आमची एनओसी (ना हरकत पत्र) नाही, तरी नेमलंत तर तुमचा माल दुकानदार उचलणार नाहीत. कंपनीने हात आखडता घेतला. संघटनेच्या पत्रावर तारीख 9 ऑगस्ट 2023, कंपनीच्या मेलवर 17 नोव्हेंबर 2023. प्रश्न तीन आहेत: केस होते का, भरपाई किती मिळेल, आणि मुलगी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिने स्पर्धा कायद्यात करिअर करावं का.

अशा पत्रांची मला आता सवय झालीये. कधी औषधवाले असतात, कधी सिमेंटचे डीलर, कधी ट्रकवाले, हल्ली क्विक कॉमर्सने धंदा खाल्ला म्हणणारे किराणा वितरक. प्रत्येकाला आधी विचारायचं असतं की हे बेकायदा आहे का. संघटनेची एनओसी सक्तीची करणं आणि ती नसेल तर माल अडवणं बेकायदा आहे, यावर मी शब्द खर्च करणार नाही. गोव्यातल्या वार्का ड्रगिस्टच्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने 2012 मध्येच हे सांगितलंय, आणि कटकच्या सांतुका असोसिएट्सच्या तक्रारीवर 2013 मध्ये औषध विक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेला 47 लाख 40 हजारांचा दंड ठोकलाय. औषधाच्या धंद्यात हे कोणाला माहीत नाही असं नाही, तरी पत्रं जातायतच.

तुमचं प्रकरण या मुद्द्यावर अडणार नाही, ते तारखेवर अडेल.

स्पर्धा कायदा 2002 चा, पण 2023 च्या दुरुस्तीने कलम 19(1) ला एक परंतुक, म्हणजे जादा अट, जोडलं, ते 18 मे 2023 पासून लागू आहे. दाव्याचं कारण घडल्यापासून तीन वर्षांच्या आत आयोगाकडे माहिती दाखल झाली नाही तर आयोग ती दाखल करून घेणार नाही. माहिती म्हणजे आपण ज्याला तक्रार म्हणतो तेच. त्याआधी कायद्यात अशी मुदतच नव्हती, त्यामुळे जुने वकीलसुद्धा अजून "स्पर्धा आयोगात कधीही जाता येतं" असं सांगून मोकळे होतात, तुम्हालाही कोणीतरी तेच सांगितलेलं दिसतंय. तुमचं पत्र ऑगस्ट 2023 चं आहे, म्हणजे मुदत लागू झाल्यानंतरचं. "आमचं प्रकरण जुन्या कायद्यातलं" हा आडोसा तुम्हाला नाही. तीन वर्षं मोजली की 9 ऑगस्ट 2026 येतं. तुमच्याकडे महिने उरलेत, आणि मेलमध्ये तुम्ही लिहिताय की "दिवाळीनंतर निवांत बघू म्हणतोय". दिवाळीनंतर बघायला काही उरणार नाही.

उशीर माफ होऊ शकतो हे खरं आहे. पुरेसं कारण दिसलं तर आयोग कारणं लिहून मुदतीनंतरची माहितीही घेऊ शकतो. पण तुमच्याकडे कारण काय आहे? अडीच वर्षांत तुम्ही आमदारांना निवेदन दिलं, कलेक्टर ऑफिसला अर्ज दिला, एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) गेलात, तिथे तुम्हाला बरोबरच सांगितलं की लायसन्स आमचं, स्टॉकिस्ट कोण हा आमचा विषय नाही. हे ऐकल्यावरही तुम्ही वर्षभर थांबलात, कारण संघटनेचे अध्यक्ष एका लग्नात म्हणाले की "करू काहीतरी". तोंडी आश्वासनावर थांबलो हे पुरेसं कारण ठरेल असं मला वाटत नाही. आमदारांना दिलेलं निवेदनही मुदत थांबवत नाही. तुमच्यासारखी माणसं बिलाचा एक रुपया कमी आला तर क्रेडिट नोटसाठी कंपनीच्या मागे हात धुवून लागतात, आणि जिथे अख्खा धंदा अडलाय तिथे इतकी वर्षं कागद फाईलमध्ये पडून राहतो, याचा मला खरंच राग येतो.

आता काही जण म्हणतील की अडवणूक आजही चालूच आहे ना, मग कारण रोज नव्याने घडतंय, मुदत संपेलच कशी. हा युक्तिवाद आहे, तो मी माहितीत घालेनही, पण त्याच्या भरवशावर एक दिवससुद्धा उशीर करणार नाही. उलट बाजू म्हणेल की नकार एकदाच दिला, त्याचे परिणाम चालू राहिले म्हणून कारण चालू राहत नाही. कंपनीला आता नव्याने अर्ज करून नवा नकार मिळवला तर काय, असंही तुम्ही विचारलंय. अर्ज जरूर करा, आजच करा, मेलवर करा. त्याने मुदत नव्याने सुरू होईल याची खात्री मी देत नाही, पण एनओसीची सक्ती अजून चालू आहे याचा ताजा पुरावा मिळेल, तो कामाचा आहे.

पुराव्याचंच बोलायचं तर तुमच्याकडे सगळ्यात मोलाचा कागद संघटनेचं पत्र नाहीये, कंपनीचा मेल आहे. त्यातली ती एक ओळ, "काइंडली अरेंज असोसिएशन एनओसी, देन वी विल प्रोसीड". संघटना म्हणू शकते की आम्ही नुसतं मत कळवलं, ऐकायचं की नाही ते कंपनीचं. ही ओळ ते म्हणू देत नाही. मत कळवलं, कंपनीने ते ऐकलं आणि माल अडला, ही साखळी एका ओळीत आहे. एकाच धंद्यातल्या लोकांनी किंवा त्यांच्या संघटनेने मिळून पुरवठा रोखला तर कलम 3(3) मध्ये स्पर्धेवर वाईट परिणाम झाला असं गृहीतच धरतात, तसं झालं नाही हे दाखवायचा भार त्यांच्यावर जातो. म्हणून तो मेल फॉरवर्ड करत बसू नका, मूळ मेलबॉक्समध्ये आहे तसा राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर अध्यक्षांचे जे मेसेज आहेत म्हणता, त्यांचे नुसते स्क्रीनशॉट काढून फोन मुलाला देऊन टाकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागलं तर मूळ फोन हाताशी हवा. आयोग कोर्टाइतका काटेकोर नसतो, पण पुढे अपील होतं, तिथे हेच कागद जातात. "बिल्डिंग फंड" म्हणून रोख दिलेत त्याची पावती नाही म्हणता, तर निदान त्या दिवशी बँकेतून पैसे काढल्याची नोंद शोधा. पावती न घेता रोख पैसे का दिलेत हे विचारायची माझी इच्छा होती, पण आता त्याने काही होत नाही.

भरपाईबद्दल तुमची समजूत चुकीची आहे. आयोग भरपाई देत नाही. आयोग ठरवतो की कायदा मोडला, हे बंद करा म्हणतो, दंड लावतो, आणि तो दंड सरकारजमा होतो. तुमचं नुकसान मागायचं तर आयोगाचा निर्णय तुमच्या बाजूने लागल्यावर कलम 53एन खाली एनसीएलएटीकडे (राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे) वेगळा अर्ज करावा लागतो. आणि साध्या दिवाणी कोर्टात दावा टाकू म्हणाल तर आयोगाच्या अखत्यारीतल्या विषयात कलम 61 दिवाणी कोर्टाचा रस्ता बंद करतं. तुम्ही काढलेला पंचवीस लाखांचा आकडा कशावर काढलाय ते मेलमध्ये नाही. गोडाऊनचं भाडं, लायसन्सचा खर्च हे कागदावर दाखवता येईल, न झालेल्या विक्रीचा नफा दाखवणं अवघड जाईल. किती मिळेल ते मी आत्ता सांगणार नाही.

दंडही तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नसतो. 2023 च्या दुरुस्तीनंतर जगभरच्या टर्नओव्हरवर दंड, असं पेपरात वाचलंत, ते गूगल-अ‍ॅपलसारख्यांच्या कामाचं. जिल्हा संघटनेचा टर्नओव्हर म्हणजे वर्गणी आणि फी. वार्काच्या प्रकरणात गोव्याच्या संघटनेला दोन लाखांचा दंड झाला होता. म्हणून माझा भर पदाधिकाऱ्यांवर असेल. केरळमध्ये सिनेमागृहांच्या फेडरेशनने क्राउन थिएटरला सिनेमे मिळू दिले नाहीत, तेव्हा आयोगाने फेडरेशनबरोबर अध्यक्ष आणि सचिवांनाही वैयक्तिक दंड लावला, वर दोन वर्षं फेडरेशनच्या कामापासून दूर ठेवलं. अपिलात ते पदाधिकारी सुटले आणि शेवटी सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये आयोगाचा आदेश पुन्हा उभा केला. संघटनेच्या लेटरहेडवर सही करणाऱ्या माणसाला हा निकाल वाचून दाखवला तर तो पुढच्या पत्रावर सही करताना थांबेल, असं मला मनापासून वाटतं.

पण तारखा बघा. आयोगाचा आदेश 2015 चा, सुप्रीम कोर्टाचा 2025 चा. एका थिएटरवरच्या बहिष्काराला दहा वर्षं. कंपन्यांच्या विलीनीकरणाला मंजुरी द्यायला कायद्याने आयोगाला 150 दिवसांची मुदत घातलीये, तुम्हाला माहिती द्यायला तीन वर्षांची मुदत घातलीये, पण तुम्ही माहिती दिल्यावर निकाल अमुक दिवसांत लागलाच पाहिजे असं बंधन कुठेच नाही. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आयोग महासंचालकांकडे चौकशी देतो, त्या आदेशावर अपील होत नाही असं सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सेल या सरकारी पोलाद कंपनीच्या प्रकरणात सांगितलंय. तरी लोक रिट घेऊन हायकोर्टात जातात आणि स्थगितीवर वर्षं काढतात. छोट्या धंदेवाल्याला हे परवडत नाही, आणि संसदेला मुदत घालायची होती तर ती दोन्ही बाजूंनी घालायला हवी होती हे मी कुठेही म्हणायला तयार आहे. कलम 33 खाली अंतरिम आदेश मागू, पण तो सहज मिळत नाही.

कंपनीलाही पक्षकार करायचं का, यावर माझं मत पक्कं नाही. केरळच्याच एका केमिस्ट प्रकरणात 2015 मध्ये आयोगाने औषध कंपनीवर 74 कोटींहून जास्त दंड लावला होता, तो अपिलात टिकला नाही. कंपनी दबावाखाली होती असं दिसलं तर तिचा माणूस तुमचा साक्षीदार होऊ शकतो. तुम्हाला शेवटी तिचाच माल विकायचाय, हेही आहेच.

एक गोष्ट तुम्ही अगदी सहज लिहून गेलात आणि मी तिथेच थांबले. 2021 मध्ये तुम्ही स्वतः संघटनेच्या कार्यकारिणीवर होता आणि जादा डिस्काउंट देणाऱ्या एका दुकानदाराचा माल बंद करायच्या ठरावावर तुमची सही आहे. चौकशी लागली की मिनिट बुक मागवलं जातं. तो ठरावही त्याच कलमात बसू शकतो. सहकार्य करणाऱ्याला कलम 46 खाली दंडात सूट मिळते, पहिल्याने येऊन महत्त्वाची माहिती दिली तर ती पूर्णही असू शकते, पण तुमच्या बाबतीत त्याची गरज आहे का हे तो ठराव वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. त्याची झेरॉक्स आधी पाठवा. आणि कृपा करून तो लपवायचा विचार करू नका, त्यावर इतर अकरा जणांच्या सह्या आहेत असं तुम्हीच लिहिलंय. नाव गुप्त ठेवायची विनंती आयोगाला करता येते, पण तुमच्या प्रकरणात पत्रच तुमच्या नावाने गेलंय, त्यामुळे फारसा उपयोग दिसत नाही.

मुलीचं. करावं, पण कुठे कसलं काम आहे ते बघून. मोठ्या फर्म दिल्ली-मुंबईत आहेत आणि त्यांचा बराच धंदा विलीनीकरणाच्या मंजुऱ्यांवर चालतो, सप्टेंबर 2024 पासून दोन हजार कोटींच्या वरचे, भारतात ठीकठाक व्यवसाय असलेले सौदेही त्यात आल्यावर ते काम वाढलंय. तिथे नुसती कलमं पाठ असून चालत नाही, बाजारपेठ कशी आखायची, ताळेबंद कसा वाचायचा हे यावं लागतं, म्हणून तिने अर्थशास्त्राचा पाया पक्का करावा. आयोगातही कायदा, अर्थशास्त्र, वित्त अशा वेगवेगळ्या शाखांचे लोक असतात. दुसरीकडे सांगली-लातूरसारख्या ठिकाणी एखाद्या दुकानदाराची माहिती नीट तयार करून देणारा वकील शोधून सापडत नाही, तुमची अडीच वर्षं त्यातच गेली. हे काम पैशाने लहान आहे पण त्याची गरज फार आहे.

सुरुवात तिने घरातूनच करावी. आयोगाचे आदेश त्यांच्या साइटवर फुकट आहेत, त्यातले वार्का आणि सांतुका वाचावेत, आणि तुमच्या प्रकरणाचा तारीखवार तक्ता करून प्रत्येक तारखेसमोर कुठला कागद आहे ते लिहावं, नसेल तिथे नाही म्हणून लिहावं. तो तक्ता मला या महिन्यात हवाय, माहितीचा मसुदा त्यावरून होईल आणि जुलैच्या आत दाखल करू. फी अर्जदार कोण आणि टर्नओव्हर किती यावर ठरते, म्हणून मागच्या वर्षाचा ताळेबंदही लागेल. आणि तिला आयोगात इंटर्नशिपला अर्ज करायचा असेल तर वडिलांचं प्रकरण तिथे आहे हे तिने आधीच लेखी सांगून टाकावं.